नीट हरायचं पुस्तक

आमचे वडील तीन वर्षं दर शुक्रवारी दुपारी बुद्धिबळात हरत होते आणि आमच्या घरात सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी म्हणतो तो काळ निजामाच्या अमलाचा, चाळीस सालाच्या पुढचा. गाव उस्मानाबाद जिल्ह्यातलं, तालुक्याचं. (नाव सांगत नाही. तिथं अजून आमचे सोयरे राहतात आणि त्यांना चारचौघांत तोंड दाखवायचं असतं!) अण्णा, म्हणजे आमचे वडील, तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबांपुढं मिसला, म्हणजे प्रकरणांच्या फायली, ठेवायच्या, वाचून दाखवायच्या, सही घ्यायची, आणि साहेबांची मर्जी बघून कुठली मिसल वर ठेवायची अन् कुठली खाली, हे ठरवायचं, हे त्यांचं काम. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. जुम्म्याची नमाज, जेवण आणि एक डुलकी आटोपली की तहसीलदारसाहेब बंगल्याच्या ओसरीवर पट मांडून बसत आणि त्यांचा चपराशी आमच्या दारात उभा राहून म्हणे, "पेशकारसाब, साहेबांनी याद केलंय."

अण्णा टोपी घालून निघत आणि दिवेलागणीच्या आत हरून परत येत.

"झालं का?" आई विचारायची.

"झालं."

"किती?"

"दोन डाव."

गिरणीतून दळण आणल्यासारखं हे बोलणं व्हायचं. शनिवारी साहेब खुशीत असत, सह्या भराभर होत, आणि अण्णा पुढच्या शुक्रवारपर्यंत सुखात राहत.

अण्णांची हरण्याची पद्धत ठरलेली होती. बाराव्या-तेराव्या चालीला ते आपला वजीर उचलत आणि साहेबांच्या घोड्यासमोर नेऊन ठेवत. साहेबांनी तो मारला की कपाळावर हात मारून घेत. "अरेरेरे! साहेब, हा घोडा मला दिसलाच न्हाई!" तीन वर्षांत तो घोडा त्यांना तीनशे वेळा दिसला नव्हता. साहेब मोठ्या मनानं म्हणत, "होता है, पेशकारसाब, होता है."

असं का, तर त्याला कारण होतं. आधीच्या साहेबांना बुद्धिबळाचाच नाद होता आणि त्यांना एका गिरदावरानं, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या महसुली अंमलदारानं, एकदा, फक्त एकदाच, हरवलं होतं. सहा महिन्यांच्या आत त्या गिरदावराची बदली आदिलाबादला झाली. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नव्हता, देव जाणे. पण त्याचं तिकडून एक पत्र आलं होतं. चार पानांचं. त्यात फक्त डासांविषयी लिहिलं होतं. अण्णांनी ते पत्र जपून ठेवलं होतं आणि अधूनमधून ते काढून वाचत.

तर असं सगळं छान हरत हरत चाललं असताना हैदराबादेहून साहेबांचे मामा आले. सगळे त्यांना मामूसाहेब म्हणत. पांढरी दाढी, हातात पानाचा डबा, आणि उभा जन्म बुद्धिबळात घालवलेला. शुक्रवारी ते भाच्याच्या शेजारी बसले. अण्णांनी नेहमीप्रमाणं बाराव्या चालीला वजीर नेऊन घोड्यासमोर ठेवला. कपाळावर हात मारला. "अरेरेरे!"

मामूसाहेब पान चघळायचे थांबले आणि खो खो हसत सुटले.

"भांजे, ये तो तुमको जिता रहे हैं!"

साहेब मूळचे बीदरचे. मराठी त्यांना चांगली यायची, पण राग आला की ते उर्दूत जात. त्या दिवशी ते पार उर्दूत गेले. "पेशकारसाब! तीन साल से आप मुझे बना रहे हैं?"

"न्हाई साहेब, तो घोडा मला खरंच..."

"चूप! पुढच्या महिन्यात मामूसाहेब पुन्हा येणार आहेत. तेव्हा त्यांच्यासमोर खेळू. इमानदारीनं खेळायचं. मुद्दाम हरलात असं त्यांनी म्हटलं, की आदिलाबाद!"

अण्णा घरी आले ते टोपी हातात घेऊन. त्यांना मी टोपी हातात घेऊन येताना त्याआधी फक्त आजोबा गेले तेव्हा पाहिलं होतं. मुद्दाम हरावं तर आदिलाबाद. जिंकावं तर, गिरदावराचा अनुभव लक्षात घेता, तेही आदिलाबाद!

आई तुळजापूरची. माहेर चार तासांच्या गाडीवाटेवर. "म्हैस व्यायला टेकलीया," ती म्हणाली. "अशी म्हैस घेऊन तेलंगणात जायचं? आणि तिथं तेलगू बोलत्यात म्हणं. मी भाजीवालीशी घासाघीस कशी करू?"

अण्णांनी टोपी खुंटीला अडकवली. मग आईनं हळूच विचारलं, "पण अहो, तुमाला जिंकता येतं का तरी?"

अण्णांनी बराच विचार केला. "कुणास ठाऊक," ते म्हणाले. "कधी करून बघितलं न्हाई."

या क्षणी मी तोंड उघडलं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. हैदराबादेत इंटरला नापास होऊन नुकताच परत आलो होतो आणि नापास झालेल्या माणसाला असतो तेवढा आत्मविश्वास माझ्याकडं होता.

"अण्णा, तुमची चूक हरण्यात नाही. हरण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही अडाण्यासारखे हरता. हरण्याचंसुद्धा शास्त्र असतं. पुस्तकं आहेत त्याची!"

"हरायची पुस्तकं?"

"बुद्धिबळ शिकायची. पण प्रत्येक डावात एक जण हरतोच की नाही? आणि तो पुस्तकात छापलाय म्हणजे नीटच हरत असणार. तसं हरायचं. मामूसाहेब काय, कुणीसुद्धा ओळखणार नाही!"

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझ्या शिक्षणावर केलेला खर्च सत्कारणी लागला. मला फार बरं वाटलं. (तो खर्च सत्कारणी लागला असं त्यांना वाटल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.)

पुस्तक आणायचं तर बार्शीहून. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख, आमची मोगलाई. आमच्या गल्लीच्या तोंडाला महालिंगप्पाचं किराणा दुकान होतं. मूळचा ईट गावचा लिंगायत वाणी. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कचेरीत उर्दू. दर आठवड्याला तो मिरचीची पोती घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचा. बुद्धिबळ त्याला खेळता यायचं नाही, पण बघायला मात्र तो दुकान उघडं टाकून यायचा. त्याला मी कागदावर लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन आला. पण घाबराघुबरा.

"पेशकारसाहेब, आज आत बसायची पाळी आली व्हती बगा!"

झालं होतं असं की परतताना करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, शिपायानं रिकामी पोती झाडली आणि पुस्तक खाली पडलं. दिवस चळवळीचे. इंग्रजी मुलखातून येणारा छापील कागद दिसला की नाक्यावरच्यांचे कान टवकारायचे. नाकेदाराला मराठी वाचता येत होतं. त्यानं नेमकं पान उघडलं आणि वाचलं: राजास चहूंकडून कोंडून मारण्याचे सोपे उपाय.

"मंग?" आईनं पदर तोंडाला लावला.

"मंग काय, म्या म्हनलं, सरकार, ह्यो लाकडाचा राजा हाय. जमिनीवर काडीनं घरं आखली, सुपाऱ्या आन् मिरच्या मांडल्या आन् दावलं. नाकेदारानं पाच सुपाऱ्या ठिवून घेतल्या आन् सोडलं!"

पुस्तकाला पुढं वर्षभर मिरचीचा वास येत होता. ते उघडलं की आधी दोघांनी शिंकायचं आणि मग अभ्यासाला लागायचं, असा आमचा क्रम होता.

पुस्तक मात्र नामी निघालं. देशी रीतीनं खेळलेले, मोठमोठ्या खेळाडूंचे डाव त्यात चालीगणिक दिले होते. पांढऱ्याची चाल एका रकान्यात, काळ्याची दुसऱ्यात. मी एक डाव निवडला. तो काळा हरत होता, पण काय डौलात हरत होता! बावीस चाली झुंजून तेविसाव्याला त्यानं डाव सोडला होता.

"अण्णा, पांढऱ्याच्या रकान्याकडं बघायचंच नाही. तुम्ही फक्त काळ्याच्या बावीस चाली पाठ करा. तेविसाव्याला म्हणायचं, साहेब, मी डाव सोडतो. संपलं!"

अण्णा पाठांतराला लागले. लहानपणी संथा घेतलेले ते, त्यांना हे काम आवडलं. पहाटे आंघोळ करून ते पूजेला बसत आणि आतून आवाज येई, "राजापुढचं प्यादं एक घर... डावा घोडा उंटापुढं... उजवा उंट दोन घरं तिरपा..."

"अहो, देवाला घंटा तरी वाजवा!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

घंटा वाजायची. "हत्ती सरळ पाच घरं..."

दुपारी आम्ही सराव करायचो. मी पुस्तक मांडीवर ठेवून पांढऱ्याच्या चाली करायचो आणि अण्णा पाठ केलेल्या काळ्याच्या. प्रत्येक वेळी मी जिंकायचो. पंधरा दिवसांत मी वीस डाव जिंकलो! आता खरं म्हणजे मी फक्त वाचून दाखवत होतो. पण वीस डाव लागोपाठ जिंकल्यावर माणसाच्या मनात काही गोष्टी येतातच. मी चालता चालता भुवया उंचावून विचार करायला लागलो. पाटावर जेवायला बसलो की मीठ-लिंबू घोड्याच्या चालीनं सरकवायला लागलो. महालिंगप्पाला तर मी असंही म्हणालो की आपल्याकडं खेळतात ते बुद्धिबळ नव्हेच.

महालिंगप्पा रोज सराव बघायला येत होता. तेविसाव्या चालीला अण्णांनी मान खाली घालून "डाव सोडतो" म्हटलं की त्याचे डोळे भरून यायचे. "अय्यो शिवा! काय हरनं हाय! असं हरनं बघायला नशीब लागतंय!"

आईनं मात्र एकदा तांदूळ निवडता निवडता विचारलं, "का रे, तुज्या पुस्तकातल्या पांढऱ्यासारखं साहेब न्हाई खेळले तर?"

"आई," मी म्हणालो, "हे शास्त्र आहे. तुला नाही कळायचं."

आईनं एक खडा वेचून बाहेर टाकला. अजूनही कुणी तांदूळ निवडताना दिसलं की मला ते आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

ठरलेला शुक्रवार आला. बंगल्याच्या ओसरीवर मोठी सतरंजी घातली होती. मामूसाहेब पानाचा डबा उघडून बसले होते. कचेरीतले चार लोक, महालिंगप्पा (आज त्यानं दुकान नुसतं उघडं टाकलं नव्हतं, कुलूप लावून बंद केलं होतं!) आणि खांबाला टेकून मी. आमचं ठरलं होतं की अण्णांना काही शंका आली तर त्यांनी माझ्याकडं बघायचं, आणि मी मान हलवली की पुस्तकाप्रमाणं पुढं जायचं. टेबलावर दौतीखाली एक कागद ठेवलेला होता. तो काय आहे हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

साहेबांची मोहरी लाल, म्हणजे पुस्तकातली पांढरी; अण्णांची हिरवी, म्हणजे काळी. पहिल्या तीन चाली अगदी पुस्तकातल्यासारख्या झाल्या. कारण पहिल्या तीन चाली सगळी दुनिया तशाच करते. चौथ्या चालीला साहेबांनी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं सरकवलं.

हे पुस्तकात नव्हतं!

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. माझं म्हणणं असं की एखादी चाल इकडची तिकडं होणारच.

पाचव्या चालीला साहेबांनी त्याच्या शेजारचं प्यादं सरकवलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. सहाव्या चालीला साहेबांचा घोडा पुढं आला, सातव्याला परत घरी गेला. अण्णा प्रत्येक वेळी माझ्याकडं बघत होते आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत होतो.

आता जे घडत होतं ते माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. पुस्तकातला काळा हरला होता हे खरं. पण तो कुणापुढं हरला होता? एका महारथ्यापुढं! तो स्वतःही तेवढाच महारथी होता. त्याची एकेक चाल तोलून मापून केलेली. आणि साहेब? साहेब तीन वर्षं फक्त अण्णांचा फुकटचा वजीर खाऊन मोठे झाले होते. पुस्तकातला हरणारासुद्धा आमच्या अख्ख्या तालुक्याला पुरून उरला असता, हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं.

दहाव्या चालीला साहेबांचा उंट गेला. चौदाव्याला हत्ती. (मध्ये दोनदा अण्णांना पाठ केलेली चाल करताच आली नाही, त्या घरात आपलंच मोहरं बसलेलं होतं. त्यांनी ती गाळून पुढची केली. ती आणखी वाईट, म्हणजे आणखी चांगली निघाली.) अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. न राहवून त्यांनी हळूच वजीर उचलला आणि साहेबांच्या घोड्याच्या दिशेनं न्यायला लागले. जुनी सवय!

"पेशकारसाब," मामूसाहेब शांतपणे म्हणाले, "ईमान से."

अण्णांनी वजीर परत ठेवला आणि पुस्तकातली चाल केली. साहेबांचा दुसरा हत्ती गेला.

साहेबांचा एक हात दाढीत होता आणि दुसरा पटावर तरंगत होता, कुठल्या मोहऱ्यावर उतरावं हे त्याला कळत नव्हतं. अण्णा ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. बघणाऱ्यांना वाटलं ते खोल विचार करताहेत. वीस... एकवीस... बावीस! मी सुटकेचा श्वास टाकला. आता तेविसावी. अण्णांनी घाम पुसला, दोन्ही हात जोडले आणि ठरल्याप्रमाणं मान खाली घालून म्हणाले, "साहेब, मी डाव सोडतो."

पटावर अण्णांचा वजीर होता, दोन्ही हत्ती होते, घोडे होते. साहेबांकडं राजा, वजीर, एक घोडा आणि इकडं तिकडं पांगलेली प्यादी.

"डाव सोडता?" मामूसाहेबांच्या तोंडातलं पान बाहेर यायचं राहिलं. "तुम्ही? या डावात?"

मग ते हसले. मग कचेरीतले चार लोक हसले आणि लगेच थांबले. साहेबांचा चेहरा त्यांच्या लाल मोहऱ्यांसारखा झाला. "पेशकारसाब," ते म्हणाले, "खेळा."

आता पुस्तक संपलं होतं! अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. माझी मान हलेना. त्यांनी पटाकडं पाहिलं. वजीर हलवला तर काहीतरी मरणार. हत्ती हलवला तर काहीतरी मरणार. कुणालाही काहीही होऊ नये म्हणून अण्णांनी पटावरचं सगळ्यात गरीब, सगळ्यात निरुपद्रवी मोहरं शोधलं. एका कोपऱ्यातलं प्यादं. ते त्यांनी बोटाच्या टोकानं एक घर पुढं ढकललं.

"अय्यो शिवा शिवा!" महालिंगप्पा ताडकन उठून उभा राहिला. "प्यादेमात!"

जाणत्यांना सांगायला नको, नेणत्यांसाठी सांगतो. वजिरानं मात केली तर माणूस हरतो. हत्तीनं केली तर हरतो. पण प्याद्यानं मात केली तर आमच्याकडं त्या माणसाला चार दिवस पारावर येता येत नाही. अण्णांनी आपल्या साहेबांना, त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या मामासमोर, प्याद्यानं मारलं होतं!

साहेब उठले आणि आत गेले. चहा आला नाही.

घरी आल्यावर अण्णांनी मारलं असतं, ओरडले असते, तर बरं झालं असतं. ते फक्त गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मला इतकी लाज वाटली की मी पुस्तक उचलून धान्याच्या कणगीमागं टाकून दिलं. इंटरला नापास झालो तेव्हासुद्धा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. आईनं लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधायला सुरुवात केली होती. महालिंगप्पा तिला धीर द्यायला आला.

"वैनी, तेलगू म्हंजी काय, कानडीच की! जरा वळवायची बगा. 'एंत' म्हनलं की भाव इचारल्यावानी हुतंय."

"एंत," आई बरणीकडं बघून म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवार गेला. रविवार गेला. सोमवारी दुपारी चपराशी दारात उभा राहिला. पण आज साहेबांनी याद केली होती ती अण्णांची नाही, माझी!

"पुस्तक घेऊन बोलावलंय."

मी कणगीमागून पुस्तक काढलं, चार वेळा शिंकलो आणि गेलो. ओसरीवर साहेब, शेजारी मामूसाहेब, दाराशी अण्णा उभे. त्यांचा चेहरा उतरलेला. टेबलावर दौतीखाली तो कागद होताच. साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, शिंकले.

"पेशकारसाबांनी सांगितलं, त्यांना तुम्ही तयार केलं."

"हो साहेब," मी म्हणालो. (खोटं बोलून उपयोग नव्हता. आणि खरं सांगायचं तर, तशाही अवस्थेत, ते ऐकून जरा बरंच वाटलं!)

"तीन वर्षं हा माणूस मला खोटं जिंकू देत होता. तुम्ही त्यांना खरं खेळायला लावलं. म्हणजे उस्ताद तुम्ही. बसा." त्यांनी पटाकडं बोट केलं. "माझ्याशी खेळा. जिंकलात तर मी काही म्हणणार नाही. पण तुमच्या घराण्याची ती सवय! मुद्दाम हरलात असं मामूसाहेबांना दिसलं, की या कागदावर सही."

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांचे हात जोडलेले होते, साहेबांकडं की माझ्याकडं ते कळत नव्हतं. मनात म्हटलं, हीच वेळ आहे. मी केलं ते मीच निस्तरणार. वीस डाव जिंकलेला माणूस मी! मी अस्तन्या वर केल्या, भुवया उंचावल्या आणि माझ्याकडं होती नव्हती तेवढी सगळी अक्कल पणाला लावली.

अकराव्या चालीला मला मात झाली.

साहेबांनी डोळे बारीक केले. "मुद्दाम?"

"न्हाई साहेब! देवाशप्पथ!"

"पुन्हा."

दुसऱ्या डावात मी प्रत्येक चालीला शंभर आकडे मोजले. मोहऱ्यांना हात लावण्यापूर्वी कुलदैवताचं नाव घेतलं. नवव्या चालीला मात!

साहेबांचा हात कागदाकडं गेला. अण्णा दाराची चौकट धरून उभे होते. "साहेब, तो प्रयत्न करतोय," ते कळवळून म्हणाले, "खरंच करतोय!"

"पुन्हा."

तिसऱ्या डावात माझ्या कानातून वाफा निघत होत्या. मी माझा वजीर पुढं काढला, साहेबांच्या राजाला शह दिला आणि विजयानं मान वर केली. साहेबांनी सावकाश हात पुढं करून त्या वजिराला आपल्या घोड्यानं मारलं. तो घोडा मला दिसलाच नव्हता! खरंच दिसला नव्हता! सातव्या चालीला मात. मी डोकं धरून बसलो आणि रडू येऊ नये म्हणून ओठ चावला.

मामूसाहेब पटावरून वाकले. त्यांनी चष्मा लावला आणि माझा चेहरा जवळून पाहिला. माझे कान पाहिले. मग परत टेकून बसले.

"नहीं, भांजे," ते म्हणाले. "ऐसे कोई जानबूझकर नहीं हार सकता. ये सच्ची हार है."

साहेबांनी विचारलं, "पक्की?"

"पक्की."

साहेबांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. बिचाऱ्यांना तीन वर्षांत पहिल्यांदा आपण खरोखर जिंकलो आहोत हे कळलं होतं! एकदा नाही, तीनदा! त्यांनी दौतीखालचा कागद काढला, फाडला आणि चपराशाला ओरडून चहा मागवला. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं, पाठीवर थाप मारली आणि हुकूम केला की यापुढं दर शुक्रवारी पेशकारसाबांनी घरी आराम करावा आणि चिरंजीवांनी यावं.

घरी आलो तेव्हा आई बरण्या बांधून, ट्रंकेवर बसून वाट बघत होती.

"सोड त्या बरण्या," अण्णा म्हणाले. "कुठं जायचं न्हाई. साहेबांनी कागद फाडला. आता दर शुक्रवारी हा जायचा खेळायला."

"हा?" आईनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला. "आणि एखाद वेळी चुकून जिंकला तर?"

त्यावर अण्णा हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईला पाणी आणावं लागलं.

पुढं साहेबांची स्वतःचीच बदली होईपर्यंत दोन वर्षं हे चाललं. म्हैस गोठ्यात राहिली, आई कधी तेलगू बोलली नाही आणि शुक्रवारी दुपारी अण्णा माजघरात निर्धास्त घोरत पडायचे. मी मात्र दर शुक्रवारी सकाळी चार तास पुस्तक वाचून, आज साहेबांना हरवायचंच असं ठरवून जात होतो.